‘प्रोफेशन’ या शब्दाचं मूळ गाव

परकार सरांवर मी लिहावं की नाही, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही. त्यांना माझ्यापेक्षा जास्त ओळखणारी माणसं आहेत. दाभोळला त्यांची बायको आहे, मुलगी आहे. दम्मामला त्यांच्याबरोबर एका खोलीत वर्षानुवर्षं राहिलेले लोक आहेत. मी त्यांना पाहिलं ते फक्त आमच्या बाहेरच्या खोलीत, आठवड्यातल्या काही संध्याकाळी, आणि तेही मुलांच्या रांगेत बसून. शिवाय माझं मराठी आईकडून कानावर पडलेलं. शाळा दम्मामची, इंग्रजी माध्यमाची. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. त्यामुळे असं काही लिहायला बसलं की दुसऱ्या कुणाच्या तरी खुर्चीत बसल्यासारखं वाटतं. आता तो माणूस येईल आणि ऊठ म्हणेल. चुकलं तर माफ करा. पण गेल्या महिन्यात सरांबद्दल जे कळलं, त्यानंतर गप्प बसणं मला जमेना.

आमची दम्मामची इमारत फॅमिलीवाल्यांची होती. सौदीत माणसांचे दोनच प्रकार, फॅमिली आणि बॅचलर. बॅचलर म्हणजे ज्याचं कुटुंब इथं नाही तो. त्याचं लग्न झालंय का, त्याला मुलं आहेत का, याला काही किंमत नाही. परकार सर असे बॅचलर होते. त्यांच्या डोक्यावरचे केस जवळजवळ गेलेले आणि उरलेले पांढरे. फॅमिलीच्या इमारतीत बॅचलरने रोज येणं-जाणं लोकांना खपत नसे, म्हणून सर नेहमी हातात काहीतरी घेऊन यायचे. खुब्जची, म्हणजे अरबी रोट्यांची पिशवी, खजुराचा डबा, नाहीतर नुसताच एक कलिंगडाचा तुकडा. पाहुण्याने यावं तसे. खाली बसलेला राखणदार शफिक, बांगलादेशचा, त्यांना विचारायचा, “आज भी दावत?”

“गरीब आदमी हूं शफिकभाई. जहां मिले वहां खाता हूं.”

“और मोटा नहीं होता.”

“खाना अच्छा नहीं बनता इनके यहां.”

हे रोजचं होतं. आई वरून ऐकायची आणि सर दारात आले की म्हणायची, “इसहाकभाऊ, आज तुम्हाला चहासुद्धा नाही.” मग चहा ठेवायची.

सर आणि बाबा एकाच खाडीच्या दोन काठांवरचे. सर दाभोळचे, बाबा समोरच्या धोपाव्याचे. गावी कधी भेटले नव्हते. दम्मामच्या मासळीबाजारात बाबा बांगड्याचे कल्ले उघडून बघत असताना मागून कुणीतरी म्हणालं, “खाडीवरचा दिसतोस.” बाबांनी वळून न बघताच सांगितलं, “आणि तू पलीकडचा, फुकट सल्ला देतोस म्हणजे.” तिथून ओळख झाली. वर्गात सर शुद्ध बोलायचे, पण बाबांशी बोलताना त्यांची भाषा होडीतून उतरून चिखलातून चालायला लागायची. “दत्ता, तुझा पोरगा हुशार हाय, पण बोलत नाय. तोंडात काय ठेवलंन काय माहीत.”

बाबा क्रेन चालवतात. शाळा त्यांनी आठवीतच सोडली. सर इंग्रजी घेऊन बी.ए. झालेले. पण सौदीत माणूस काय आहे हे त्याच्या इकाम्यावर लिहिलेलं असतं, राहण्याच्या परवान्याच्या त्या कार्डावर. तिथं ‘मेहना’ म्हणून एक ओळ असते. मेहना म्हणजे प्रोफेशन, व्यवसाय. बाबांच्या कार्डावर त्यांच्या कंपनीने ‘फन्नी’ घातलं होतं, तंत्रज्ञ. म्हणून त्यांना कुटुंब आणायची परवानगी मिळाली आणि मी, आई, माझी बहीण दम्मामला वाढलो. सरांच्या कार्डावर होतं ‘आमिल’. मजूर. ते ज्या दिवशी मुंबईला एजंटाकडे गेले, त्या दिवशी त्याच्याकडे तेवढाच व्हिसा शिल्लक होता. नंतर बदलून घेऊ, असं सगळेच म्हणतात, तसं एजंटही म्हणाला. सर नळ, पाइप, कमोड विकणाऱ्या दुकानात काउंटरवर उभे राहिले आणि राहूनच गेले. मजुराला कुटुंब आणता येत नव्हतं.

सरांनी याबद्दल कधी कडू शब्द काढला नाही. फार तर बाबांना म्हणायचे, “तुझ्या कंपनीवाल्याचं अक्षर बरं हाय, दत्ता. माझ्या एजंटाचं तेवढं खराब.”

त्यांची इच्छा एकच होती आणि ती आम्हा मुलांनासुद्धा पाठ होती. कार्डावरचा ‘आमिल’ पुसून तिथं ‘मुदर्रिस’ व्हावं. मुदर्रिस म्हणजे शिक्षक. एक लहानशी शाळा त्यांना घ्यायला तयार होती, पण कार्ड बदलल्यावर. डिग्रीवर जेवढे शिक्के लागतात तेवढे त्यांनी मारून आणले होते. राहिली होती फक्त कफीलची, म्हणजे दुकानाच्या मालकाची, संमती. तो वाईट माणूस नव्हता. ईदला स्वतःच्या हाताने मटण आणून द्यायचा. सरांनी विषय काढला की त्यांच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचा, बुकरा, इन्शाल्लाह. उद्या, देवाची मर्जी असेल तर.

तोपर्यंत सर आमच्या घरी मास्तर होते.

इमारतीतली आणि आसपासची सहा-सात मराठी मुलं यायची. आम्ही जमिनीवर, सर टीव्हीसमोरच्या बुटक्या मोड्यावर. आणि टीव्हीला टेकवून ठेवलेला त्यांचा फोन. त्या फोनवर दाभोळहून त्यांची मुलगी शाहीन वर्गात बसायची. तिच्यामागे निळ्या रंगाची भिंत आणि मध्येच जाणारी एखादी कोंबडी. ती आमच्यापेक्षा लहान होती, पण तिची वही आमच्यापेक्षा नीट असायची. वर्ग चालू असेपर्यंत ती वडिलांना ‘सर’ म्हणायची. तसा नियमच होता. वर्ग संपला की म्हणायची, “अब्बा, जेवलात?”

गुरुवारी सर एकच शब्द घ्यायचे आणि त्याला त्याचं गाव विचारायचे. आपल्याकडे दोन माणसं भेटली की आडनाव कळायच्या आधी गाव विचारतात, तसं. “शब्द काय आभाळातून पडत नाही. तो कुठून तरी निघालेला असतो, वाटेत कुठं तरी थांबलेला असतो. आपल्यासारखाच.” कामासाठी इंग्रजीत जितके शब्द आहेत ते त्यांनी असे एकेक करून घेतले. लेबर म्हणजे मूळचे कष्ट, अंगाला होणारा त्रास. करिअर म्हणजे गाडीची वाट. “चाकोरी म्हणा. लोक करिअर केलं म्हणून छाती फुगवतात, आणि ते काय, तर चाकोरीतून गेले.” जॉब म्हणजे पूर्वी कसला तरी तुकडा, गोळा; पण त्याचं मूळ गाव कुणालाच सापडलेलं नाही. “जॉब बिचारा पासपोर्ट हरवलेला माणूस हाय,” असं ते म्हणाले आणि आपल्या तोंडून ‘हाय’ गेलं म्हणून स्वतःच हसले.

सॅलरी म्हणजे मीठ, रोमच्या शिपायांना पगारात मीठ मिळायचं, हेही त्यांनी मोठ्या थाटात सांगितलं होतं. कॉलेजात आमच्या मॅडम म्हणाल्या की शब्दात मीठ आहे हे खरं, पण शिपायांची गोष्ट एवढी खात्रीची नाही. त्या दिवशी मी लायब्ररीत जाऊन सरांचे बाकीचे शब्द एकामागून एक शोधले. ‘प्रोफेशन’ शेवटी ठेवला. तो चुकीचा निघावा असं मला वाटत होतं. तो बरोबर होता.

प्रोफेशन म्हणजे काय, हे सरांनी आम्हाला असं शिकवलं.

साताऱ्याच्या प्रणवला त्यांनी उभं केलं. “वडील काय करतात?”

“सर, ही इज इन अ कंपनी.” दम्मामची सगळी मुलं हेच उत्तर देतात.

“कंपनीत चहाची किटलीपण असते. वडील काय करतात?”

प्रणव कानापर्यंत लाल झाला. त्याचे वडील बांधकामावर लोखंडी पाइपांचे परांचे बांधायचे. तो हळूच म्हणाला, “स्कॅफोल्डर.”

“मोठ्यानं. भिंतीला ऐकू दे.”

“माय फादर इज अ स्कॅफोल्डर.”

“आता बैस. हे प्रोफेशन.” मग त्यांनी सांगितलं, की फार पूर्वी कुणी मठात जायचं, देवाच्या कामाला वाहून घ्यायचं ठरवलं, की त्याला चार लोकांसमोर उभं राहून तोंडाने ते जाहीर करावं लागे. मी आजपासून हा. त्या बोलण्याला प्रोफेशन म्हणत. नोकरी नंतर आली, पगार नंतर आला. आधी लोकांसमोर बोलणं. “जे काम तुम्ही चारचौघांत मोठ्यानं सांगू शकता ते तुमचं प्रोफेशन. बाकी सगळं पोटापाण्याचं.”

मग माझी पाळी आली. मी म्हटलं, “माय फादर इज अ टेक्निशियन.”

आतून बाबांचा आवाज आला, “क्रेन चालवतो म्हण रे. टेक्निशियन म्हणून हाक मारलीन तर मला वळायला उशीर होईल.”

सगळे हसले. फोनवर शाहीन हसली. तिला सरांनी विचारलं, “तुझे वडील?” ती उभी राहिली, म्हणजे पडद्यावर तिचं डोकं दिसेनासं झालं, फक्त फ्रॉक राहिला. तिचा आवाज आला, “सर, माय फादर इज अ टीचर.” सर थोडा वेळ चष्मा पुसत राहिले.

घरात अशा शिकवण्या घेणं नियमात बसत नव्हतं. पकडलं असतं तर सरांना देशाबाहेर काढलं असतं, आणि घर वापरायला दिलं म्हणून बाबाही अडचणीत आले असते. त्यावर इमारतीतल्या बायकांनी मिळून एक तोड काढली होती. ती म्हणजे वाढदिवस. फ्रीजमध्ये कायम एक तयार केक असायचा. तपासणीवाले आले की शफिकने खालून दोनदा बेल वाजवायची. वह्या सोफ्याखाली, केक मोड्यावर, मेणबत्ती पेटवायची. याची सर स्वतः तालीम घ्यायचे.

“आज वाढदिवस कुणाचा?”

“प्रणवचा.”

“मी कोण?”

“पाहुणे.”

“पाहुणा काय करतो?”

“केक खातो.”

“आणि इंग्रजी?”

“पाहुण्याला येत नाही, सर.”

“सर नाही. चाचा.”

केकची तारीख उलटायला आली की आम्ही तो खाऊन टाकायचो आणि बाबा नवीन आणायचे. त्यामुळे आमच्या घरी कुणाचेच नसलेले वाढदिवस बरेच साजरे झाले. मला वाटतं, आम्हाला तपासणीची भीती उरलीच नव्हती. ती यावी असंच मनातून वाटायचं.

मी दहावीला होतो तेव्हा ती आली. मगरिबची, सूर्यास्ताची नमाज नुकतीच झाली होती. बेल दोनदा वाजली. सगळं तालमीसारखं झालं. वह्या गेल्या, केक आला, आईने मेणबत्ती लावली. दार उघडलं तर शफिक आणि दोन अधिकारी, त्यातला एक अगदी तरुण, हसतमुख. कुणीतरी तक्रार केली होती की फॅमिलीच्या इमारतीत बॅचलर येतात. त्याने आत पाहिलं, केक पाहिला, प्रणवच्या गालाला हात लावून अरबीत मबरूक, अभिनंदन, म्हणाला. मग त्याची नजर सरांवर गेली. सर मोड्यावरून उठून उभे राहिले होते.

“इकामा.”

सरांनी कार्ड दिलं. तो कार्ड बघत होता, वाचत नव्हता. सहज, बोलायचं म्हणून त्याने विचारलं, “एश शुगलक? क्या काम?”

सर काहीतरी बोलले. आम्हालाही ते ऐकू आलं नाही. त्या तरुण अधिकाऱ्याने कानाशी हात नेला. चेहऱ्यावर तेच हसू होतं. “एश?”

सरांनी एकदा बाबांकडे पाहिलं. बाबा स्वयंपाकघराच्या दारात होते, हातात केकची सुरी. मग सर मोठ्यानं म्हणाले, “आमिल. मैं लेबर है, साब. लेबर.”

ते हिंदीसुद्धा मोडून बोलले. तसं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

अधिकाऱ्याने कार्डावर पाहिलं. तिथं तेच होतं. त्याने कार्ड परत दिलं, आईने पुढे केलेला केकचा तुकडा खाल्ला, छान आहे म्हणाला आणि निघून गेला. शफिकने जाता जाता बाबांकडे बघून डोळे मिटले, सुटलात म्हणून. काहीही झालं नाही. कुणालाही काही झालं नाही. आई देवाजवळ जाऊन हात जोडून आली. प्रणव हसायला लागला, “सर, क्या अ‍ॅक्टिंग किया आपने.”

तेवढ्यात टीव्हीकडून आवाज आला, “सर, मी हे लिहून घेऊ का?”

फोन बंद करायचं तालमीत कधी नव्हतंच. शाहीन पेन्सिल हातात धरून बसली होती. तिला काय कळलं होतं आणि काय नाही, मला आजही माहीत नाही. सरांनी पुढे होऊन फोन उचलला आणि बंद केला. मग त्यांनी आपल्या वाट्याचा केक सगळा खाल्ला, ताटली मोरीत नेऊन धुतली आणि आईला म्हणाले, “वहिनी, येतो.” खाली शफिकने त्यांना काहीतरी विचारलं असेल, पण त्या दिवशी त्यांचा आवाज वर आला नाही.

पुढच्या वेळी आम्ही बसून राहिलो, ते आले नाहीत. बाबा दोनदा दुकानात जाऊन आले. पहिल्यांदा परत आले तेव्हा म्हणाले, “त्याला वेळ नाय.” दुसऱ्यांदा आले ते सरळ हातपाय धुवायला गेले. आई जेवायला वाढताना म्हणाली, “आपल्यासाठीच बोलले ना ते. नाहीतर तुमची नोकरी गेली असती.” बाबा म्हणाले, “म्हणून तर मी त्याला चल म्हणू शकत नाय.”

मी कॉलेजसाठी रत्नागिरीला निघालो, त्याच्या आधी त्यांना भेटायला गेलो. तोपर्यंत दोन वर्षं झाली होती. दुकानात गर्दी होती. सर शिडीवर उभे राहून वरच्या फळीवरून नळांचे खोके काढून खालच्या पोऱ्याला देत होते. मी म्हटलं, “सर.”

त्यांनी वळून पाहिलं, ओळखलं, पण खाली उतरले नाहीत. “इथं भाई म्हण. इथं सगळे भाई म्हणतात.”

मी सांगितलं की मी इंग्रजी घेतोय. ते म्हणाले, “दत्ताला खर्च झेपेल ना?” मी हो म्हटलं. मग मी विचारलं, हे वाक्य मी बसमध्ये वाटभर पाठ करत आलो होतो, “तुम्ही परत का नाही आलात?”

ते हातातल्या खोक्यावरची धूळ पुसत राहिले. “येऊन काय सांगू? तू तिथं होतास ना.”

“सर, ते तर खोटं होतं. सगळ्यांना माहीत होतं.”

“कार्डावर खोटं नाही, सुहास. मी किती वर्षं समजत होतो की कार्ड खोटं बोलतं.” काउंटरवरच्या माणसाने अर्ध्या इंचाचा पाइपाचा कोपरा मागितला. सरांनी तो शोधला, दिला. मग मला म्हणाले, “नीट शिक. मोठ्यानं बोलायची सवय कर.” पुन्हा वर वळले. मला त्यांची पाठ आठवते, घामाने खांद्याच्या मध्ये ओला झालेला निळा शर्ट, आणि डोक्यावर छताला लागलेले हात.

मालकाने त्यांच्या कार्डबदलाच्या अर्जाला शेवटी होकार दिला होता, हे बाबांना पुढे कळलं. सरांनीच नको म्हणून सांगितलं होतं. त्यानंतर ते दम्माम सोडून तबूकला गेले, कुठल्या तरी शेतीमालाच्या गोदामात. नंबर बदलला. कॉलेजात मॅडम कुणाला उभं करून बोलायला सांगतात, तेव्हा मला अजूनही वाटतं की मागच्या बाकावरून कुणीतरी ‘मोठ्यानं’ म्हणणार आहे. मी वळून बघत नाही.

गेल्या महिन्यात बाबांचा फोन आला. म्हणाले, “इसहाक गेला. तबूकलाच पुरला. झोपेत गेला म्हणतात, तीन आठवडे झाले. त्याच्या खोलीतला एकजण त्याची बॅग घेऊन दाभोळला आलाय. तू जवळ आहेस, जाऊन ये.”

मी फेरीबोटीने खाडी ओलांडून गेलो. घर निळ्या भिंतीचंच होतं. सरांची बायको इद्दतीत, म्हणजे विधवेने पाळायच्या एकांतात होती, पडद्याआड बसली होती; तिचा फक्त आवाज येत होता. शाहीन दारात उभी होती, आता माझ्याएवढी उंच. ओटीवर बसलेला माणूस म्हसळ्याचा, इब्राहिमचाचा. तो सरांबद्दल चांगलं चांगलं सांगत होता. भांडत नसे, सगळ्यांचे कपडे दोरीवरून काढून घड्या घालून ठेवी, आजारी माणसाजवळ बसे. पडद्यामागून आवाज आला, “मुलांना शिकवीत होते ना तिथं? संध्याकाळचं?”

इब्राहिमचाचा गोंधळला. “शिकवीत?”

मी म्हटलं, “सर इंग्रजीचे शिक्षक होते. आम्हाला शिकवायचे.”

“इसहाकभाई?” त्याने माझ्याकडे पाहिलं, मग शाहीनकडे. माणूस चुकलाय की काय, असं त्याला वाटत असावं. “नाय बा. इंग्रजी त्याला कुठं येत होती. कंपनीची नोटीस लागली की आम्हा सगळ्यांबरोबर तोपण त्या केरळच्या पोराजवळ जाऊन बसायचा, वाचून घ्यायला. तो पोरगा वाचताना अडखळायचा, चुकायचा. इसहाकभाई खाली मान घालून ऐकत राहायचा.”